साडेतीन तास पुढचं गाव

"थंय आता पाच वाजले," असं म्हणत ती माझ्या दुकानाची पायरी चढायची, तेव्हा कसालच्या बाजारात दुपारचा दीड वाजलेला असायचा. दोन्ही हात पदराआड. काजूच्या कारखान्यात बी फोडायचं काम करायची. टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडलेली, आणि ती माझ्या झेरॉक्सच्या कागदांना लागतील अशी तिला भीती.

मालवणच्या गाडीची वाट बघत तुम्ही कधी कसालला थांबला असाल, तर तिला पाहिलंही असेल. उंच, कोरडी, भराभर चालणारी बाई. बाजारात तिला 'जपानवाली' म्हणत. मी काकी म्हणायचे.

नवरा लवकर गेला. एकच मुलगी, प्रणाली. ती नर्सिंग शिकली, पुण्याला राहून जपानी भाषा शिकली आणि तिकडच्या डोंगरातल्या एका लहानशा शहरात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. वाडीत रेंज नाही, म्हणून काकी जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानात येऊन फोन लावायची. मुलगी तिकडे रस्त्याने चालत मोबाईल फिरवून दाखवायची आणि ही डोळे बारीक करून बघायची.

तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात 'प्रणाली' बसेना, ते 'पुरानारी' म्हणत; आणि त्या शहराचं नाव काकीच्या तोंडात कधी बसलं नाही. ती 'तां गाव' म्हणायची. पण गाव तिला पाठ होतं. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, आणि नदीच्या काठापासून उतारावर चढत गेलेली घरं. दोन डब्यांची आगगाडी, तासाने एक. थंडीत सूर्य चारच्या सुमाराला डोंगराआड जातो. स्टेशनावरून उजवीकडे वळलं की बंद पडलेली शाळा, मग पूल, मग सफरचंदाची बाग, आणि बागेला लागून प्रणालीचा वृद्धाश्रम.

"सफरचंदांक झबली घालतत गो," ती हसत सांगायची. "कागदाची. पोराक घालूची तशी." दुसऱ्या दिवशी आणखी काही. "कचऱ्याक वार आसत थंय. सोमवारी काच, गुरुवारी कागद. आमच्याकडे देवाक वार, थंय कचऱ्याक."

पाच वाजता त्या गावात खांबांवरच्या कर्ण्यांतून एक गाणं वाजतं. पोरांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून. फोनमधून ते आम्हालाही ऐकू यायचं.

"पोरां खंय दिसनत नाय ती," मी एकदा म्हटलं.

"पोरां नायच. तरणे सगळे मोठ्या शहरात, म्हातारे घरात. आमच्या मसुऱ्यासारख्यांच." मसुरं तिचं माहेर. तिथे तिची आई एकटी राहत होती आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी तिला न्हाऊ घालत होतं. काकी म्हणाली, "थंयच्या म्हाताऱ्यांक माजां चेडू न्हाणता."

त्यात अभिमान होता की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही सांगता येत नाही.

जानेवारीत एका दुपारी फोन दुसऱ्याच मुलीने उचलला. ती प्रणालीबरोबर काम करणारी नेपाळी मुलगी. हिंदीत बोलत होती, रडत होती. सायकलवरून कामाला जाताना पुलावरच्या बर्फावर प्रणाली घसरली होती. डोक्याला मार. शुद्ध नाही. आईला आणता येईल का, असं डॉक्टर विचारत होते.

मी मालवणीत सांगितलं. काकीने एकच विचारलं, "कितक्या दिवसात जावक मेळतला?"

पासपोर्ट नव्हता. मी त्याच दिवशी फॉर्म भरला, तारीख मिळवली, तिच्याबरोबर गेले. फोटो झाला. मग तिने बोटं यंत्राच्या काचेवर ठेवली आणि लाल दिवा लागला. परत ठेवली, परत लाल. खुर्चीतला माणूस भला होता. त्याने स्वतःच्या रुमालाने तिची बोटं पुसली, एकेक दाबून बघितलं. शेवटी म्हणाला, "मावशी, ठसेच राहिले नाहीत हो. आठ दिवस कामावर जाऊ नका, मग या."

काजूच्या तेलाने तीस वर्षांत तिच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या.

ते आठ दिवस मी विसरू शकत नाही. कामावर जाणं तिने बंद केलं. कोकमाचं तेल गरम करून बोटांना चोळायची आणि कापड गुंडाळून बसायची. दुकानात येऊन बोटं उजेडात धरायची. "बघ गो बाय, रेषो इलो?" मी "येतहत" म्हणायचे. येत नव्हत्या.

दीड वाजता ती नेपाळी मुलगी फोन प्रणालीच्या कानाशी धरायची. काकी बोलायची. "कोंबडेन पिल्लां काढल्यान. आजयेक बरां आसा. मी येतंय. कागद होतहत." पलीकडून फक्त यंत्राचा टिकटिक आवाज. एकदा न राहवून ती ओरडली, "प्रणाली, ओ दी गो!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

दुसऱ्या खेपेला चार बोटं उमटली. त्या भल्या माणसाने वरच्या साहेबाकडून तेवढ्यावर चालवून घेतलं. पासपोर्ट आला. वृद्धाश्रमाचं पत्र जोडून आम्ही व्हिसासाठी कागद पाठवले. उत्तर यायच्या आधी प्रणाली गेली.

नेपाळी मुलगी फोनवर विचारत होती, काय करायचं? थांबायचं का?

"थांबा म्हणा. मी येतंय."

चार दिवस ते थांबले. पाचव्या दिवशी काकी दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तिका खंय ठेवल्यानी हा?"

मी खरं सांगितलं. थंड खोलीत.

"तिका थंडी सोसना नाय गो," ती म्हणाली. "दिया म्हणा आग." आणि पायरीवरच बसली. मी फोन लावला. तसंच सांगितलं.

व्हिसा त्यानंतर नऊ दिवसांनी आला. अस्थी आणायला ती एकटी गेली. कधी मुंबईही न बघितलेली बाई. विमानतळावर दाखवायच्या चिठ्ठ्या मी लिहून तिच्या गळ्यातल्या पिशवीत घातल्या होत्या.

परत आल्यावर ती बाजारात फारशी दिसली नाही. कारखाना सोडला, वाडीतलं घर बंद केलं आणि आईजवळ मसुऱ्याला गेली. जायच्या आदल्या दिवशी किल्ली ठेवायला माझ्याकडे आली. तेव्हा मी विचारलं, "काकी, गाव कसां होतां?"

"तसांच. माका वाट कोणी दाखवूक लागली नाय. त्या नेपाळी चेडवाच्या फुडे मीच चाललंय."

वृद्धाश्रमात तिला प्रणालीचं कपाट दाखवलं. तिथे खिडकीशी एक खूप म्हातारी बाई बसलेली होती. तिला माणसं ओळखू येत नाहीत. प्रणालीशिवाय कुणाच्या हातून जेवत नसे.

"तिना माका बघल्यान," काकी म्हणाली, "आणि 'पुरानारी' म्हणान हाक मारल्यान. हात धरल्यान माजो."

"मग?"

"मिया ओ दिलंय. पेज होती वाटयेत, ती भरवलंय. सगळी खाल्ल्यान. केस इंचरलंय तिचे."

किल्ली तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"मग तिचो हात सोडवन घेतलंय. तासान एकच गाडी, ती चुकली असती."