लंडनचं आठवड्याचं भाडं

बीडच्या कोर्टासमोरच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं. लेकीला दुबई आणि लंडन, दोन्हीकडे नोकरी मिळत होती. "अण्णा, कुठं जाऊ?" असं तिने विचारलं, म्हणून मी त्याच्याकडून दोन्ही शहरांतली घरभाडी काढून घेतली. लंडन स्वस्त निघालं. तिथला आकडा आठवड्याचा होता, पण आपल्याकडे भाडं महिन्याचंच असतं, म्हणून त्या शहाण्याने तो महिन्याचा धरला. माझा हिशेब लेकीने कधी तपासला नाही. मी लंडन म्हणालो, ती गेली.

चष्मा कपाळावर चढवून तो प्रत्येकाला "बराबर हाय, अण्णा" म्हणतो. मी शिव्या घातल्या तेव्हाही तेच म्हणाला.

अजूनही मी दिसलो की तो गिऱ्हाईक थांबवून लेकीसाठी कॉम्प्युटरवर लंडनची भाड्याची घरं उघडतो.

"एकाच खोलीचं बघ बे," मी ओरडतो.

"आन् तुमी तिकडं लेकीकडं गेल्यावर झोपणार कुटं?" म्हणत तो दोन खोल्यांचीच शोधतो.

लेक तिघींबरोबर एका खोलीत राहते. दुबईहून ती दिवाळीला आली असती. दोन दिवाळ्या गेल्या. घरं दाखवणं पुरे झालं. माझी पोरगी घरी कधी येणार, ते त्याने सांगावं.