मुशीच्या तेलाचा वास

"तुम्ही खाली उतरा. सर्व्हे होईपर्यंत बोटीवर कोणी नको," मी म्हणालो.

हिराजी तांडेल खाली उतरले आणि घोटाभर चिखलात उभे राहिले. ओहोटी लागली होती. सातपाटीच्या खाडीतलं पाणी ओसरलं की बोटी चिखलावर कलंडून बसतात. ही पांढरी बोट तेवढी दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावून सरळ उभी केलेली होती. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे, माझं अठ्ठावीस. उतरा म्हणताना तेव्हा मला काही वाटलं नाही. आज वाटतं, म्हणून हे लिहितोय.

मी मरीन सर्व्हेअर होतो. जुनी गाडी घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो ना, तसंच हे काम. जुनी बोट घेणाऱ्यासाठी ती आतून-बाहेरून तपासायची आणि रिपोर्ट लिहायचा. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या इंटरव्ह्यूला मुंबईत आलो तेव्हा. पुढे गोदीत सहा वर्षं लोखंडी जहाजांवर काम शिकलो. लाकडी बोटींबद्दल जे काही ठाऊक होतं ते दोन जाड इंग्रजी पुस्तकांतून. एवढ्या अर्ध्या हळकुंडाने मी पिवळा झालो होतो.

बोट होती जयंतीशेठची. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा रंगांचा कारखाना होता. तारापूरकडे कामाला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ही बोट त्यांना विकून गेला होता. शर्यतीची नव्हे, फिरायची बोट. एक डोलकाठी, दोन शिडं, खाली केबिनमध्ये दोघांना झोपायला जागा आणि स्टोव्हपुरतं स्वयंपाकघर. सगळं सागवानी. शेठना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी समुद्र बंद केला, म्हणून विकायला काढली. घेणारे होते मुंबईचे एक दातांचे डॉक्टर. बोट चांगली निघाली तर तांडेलालाही आपल्याकडेच ठेवू, असं त्यांनी शेठना सांगितलं होतं. हिराजींनी ती बोट नऊ वर्षं सांभाळली होती. त्यांची पुढची नोकरी माझ्या रिपोर्टवर अवलंबून होती, हे मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मला कल्पनाच नव्हती.

लाकडी बोट तपासायची रीत सोपी आहे. हातोडीने फळी ठोकायची. खणखणीत आवाज आला तर लाकूड चांगलं, बद्द आला तर आत कुजलंय. संशय आला तर टोचा घालून बघायचं. मी तीन तास ठोकत होतो. एकही फळी बद्द वाजली नाही. शिडांचे टाके नवे, दोर गुंडाळून जागच्या जागी, पितळेच्या कड्या लखलखीत. इतक्या जपलेल्या बोटी मी त्यानंतरच्या तीस वर्षांत पाच-सहाच पाहिल्या असतील.

मग मी केबिनची जमीन उचलली. खालच्या पोकळ जागेला बिल्ज म्हणतात. बोटीत शिरलेलं पाणी तिथे साठतं. फळ्या उचलल्याबरोबर माशाचा असा वास आला की मी रुमाल नाकाला लावला. आतलं लाकूड काळपट, चिकट. आणि बोटीच्या लाकडी बरगड्यांच्या मधे जागोजागी खडेमीठ, ओंजळ-ओंजळभर.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मासे आणि मीठ. मालक बोईसरला फायली बघतोय आणि त्याचा माणूस त्याच्या बोटीतून मासळी वाहतोय. तीन तास काहीच दोष सापडला नव्हता, त्यामुळे हा सापडल्याचा आनंद झाला, हेही कबूल करतो. रिपोर्टमध्ये काहीतरी सापडलेलं असलं की सर्व्हेअर हुशार वाटतो.

हिराजी खाली चिखलातच उभे होते. त्यांच्या मागे गावातल्या किमान शंभर बोटी बसलेल्या होत्या. पण मी कुणाला काही विचारलं नाही. पेटी उचलली आणि पालघरची एसटी पकडली.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की बोटीचा सांगाडा उत्तम आहे, मात्र मालकाच्या गैरहजेरीत बोट मासळी वाहण्यासाठी वापरली जात असल्याच्या स्पष्ट खुणा आहेत. पुढे शिफारस केली की बिल्ज साबण आणि गोड्या पाण्याने स्वच्छ धुवून, सगळा तेलकटपणा काढून, आत वार्निश लावावं. ही शिफारस पुस्तकातली होती. शब्दसुद्धा जवळपास पुस्तकातलेच.

रिपोर्ट डॉक्टरांना गेला. डॉक्टरांनी ते कारण पुढे करून किंमत पाडली. शेठ भडकले आणि त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. मी गेलो तर हिराजींनाही जीप पाठवून आणलेलं. शेठनी रिपोर्टातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मराठीत समजावून सांगितलं.

हिराजींनी शेठकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तेल हाय ते. मुशीच्या काळजाचं. आमी सगले लावतो."

मुशी म्हणजे लहान शार्क मासा. शेठनीही माझ्याकडे पाहिलं. खरं म्हणजे त्यांना नऊ वर्षांच्या माणसाला काढायचं नव्हतं. मी नुसतं 'शक्य आहे, पुन्हा बघतो' म्हणालो असतो, तरी ते थांबले असते. पण मग कळलं असतं की हा माझा लाकडी बोटीचा पहिलाच सर्व्हे आहे. मी म्हणालो, "बोटीला जवसाचं तेल लावतात. माशाचं तेल कुठल्याही पुस्तकात नाही. आणि मीठ कशाला होतं?"

"मीठ तं..." हिराजींनी सुरुवात केली. शेठ म्हणाले, "बस." त्यांनी हिराजींना त्याच दिवशी कामावरून काढलं. शेठच्या दृष्टीने विषय संपला. माझ्याही.

विचारल्याशिवाय मालकाची बोट मासळीला लावणं याला सातपाटीत चोरीच म्हणतात. उन्हाळ्यात, सगळ्यांच्या नजरा पुढच्या हंगामाकडे लागलेल्या असताना ही बातमी गावात पोचली. हिराजींच्या हाती सुकाणू द्यायला कुणी तयार होईना. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी आमच्या साहेबांकडून शाबासकी घेऊन पुढच्या कामाला लागलो होतो.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्याच्या तोंडावर डॉक्टरांचा ऑफिसला फोन आला. बोटीच्या तळाला पाणी येतंय. साहेबांनी मलाच पाठवलं. मुंबईत ताडपत्रीखाली ठेवलेली ती बोट मी उघडली. मासळीचा वास अजिबात नव्हता. ओल्या पोत्यासारखा वास होता. हातोडी मारली तर तिसरीच फळी बद्द. टोचा लावला तर मुठीपर्यंत आत गेला. मी डॉक्टरांना विचारलं की आत काय काय केलंत. त्यांनी माझाच रिपोर्ट पुढे केला. साबण, गोडं पाणी, वार्निश. सगळं सांगितल्याप्रमाणे, मनापासून केलं होतं. ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांना अजूनही वाटत होतं की दोष त्या तांडेलाचा आहे.

मला तेव्हा बऱ्यापैकी अंदाज आला होता. तरी मी गप्प बसलो. आणखी एक महिना.

मग एका वादळी नुकसानीच्या क्लेमसाठी सातपाटीला जावं लागलं. पावसाळा असल्यामुळे बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. एका घरामागे बायका पिंपात मुशीचं काळीज उकळत होत्या. एक म्हातारे गृहस्थ फडक्याने बोटीच्या आतल्या फळ्यांना ते तेल चोळत होते. बरगड्यांच्या मधे खडेमीठ. वास तोच. मी त्यांना विचारलं, मीठ कशाला?

"पावसाचं गोडं पानी लाकूड खातं," ते म्हणाले. "खारं पानी राखतं. तुमी बोटीचं काम करता ना?"

मी हो म्हणालो. हिराजींचं घर तिथून दिसत होतं, पण माझे पाय तिकडे वळले नाहीत. एसटी येताच चढून बसलो.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्ट जाऊन दोन वर्षं झाली. तक्रार कुणाची आहे का? नाही ना? मग झाकली मूठ." मी ती मूठ अजून पंधरा दिवस झाकून धरली. मग शेठना आणि डॉक्टरांना पत्रं लिहिली की माझी चूक झाली, तांडेल निर्दोष आहेत. शेठचं उत्तर आलं नाही. डॉक्टरांनी आभार मानले, त्याने जास्तच लाज वाटली.

हिराजी बोईसरला एका कारखान्याच्या गेटवर भेटले. कंत्राटी हमाल म्हणून ड्रम चढवायचं काम करत होते. मुकादम त्यांना "ए बुढ्ढे, जल्दी कर" म्हणून हाका मारत होता. ज्या माणसाने घिवली गावासमोरच्या खडकांतून अंधारातही बोट काढली असेल, तो माणूस. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की मी शेण खाल्लं. हेच शब्द वापरले. दुसरे सुचले नाहीत.

त्यांनी डबा बंद केला. "मला कशाला सांगता? मला ठावं हाय. गावात सांगा."

"पत्र लिहून देऊ का?"

"पत्र कोन वाचील? पुनव झाली का सकाली लिलाव असतो धक्क्यावर. तितं सगले असतात. तितं बोला."

नारळी पौर्णिमेला हंगाम सुरू झाला, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गेलो. धक्क्यावर लिलावाची आरडाओरड, टोपल्या, बर्फ, बायकांची गर्दी. मी एका खोक्यावर चढलो. पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. मग माझा पँट-शर्ट आणि खोका पाहून लोक थांबले. मी सांगितलं की हिराजी तांडेलांनी मालकाच्या बोटीत मासळी कधी वाहिली नाही, ते तेल होतं आणि मीठ होतं, मला ते माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. बोलायला दोन मिनिटं लागली असतील. त्या रिपोर्टला मला तीन दिवस लागले होते.

टोपलीमागे बसलेली एक बाई उठली. हिराजींची बायको, हे मागाहून कळलं.

"तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने ते शेजारणीला सांगितलं, तिने पुढच्या बाईला. ओळीच्या शेवटापर्यंत माझं नाव जाताना मला ऐकू येत होतं.

"दोन वरसं माझ्या मानसाचं घेत होते," ती म्हणाली. "आता तुमचं घेऊ दे." आणि खाली बसून मासळी साफ करू लागली.

त्याच हंगामात हिराजी पुन्हा समुद्रावर गेले, पण पहिलं वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली, खलाशी म्हणून. डॉक्टरांची बोट दुरुस्त झाली नाही. तिचं लाकूड कुणीतरी दरवाज्यांसाठी नेलं. मी पुढे रिटायर होईपर्यंत सर्व्हे केले आणि प्रत्येक वेळी बोट सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर घेऊनच वर चढलो. नियमात ते बसत नाही. साहेबांनी दोनदा मेमो दिला. दोन्ही मेमो मी घेतले, सही केली, आणि पुढच्या बोटीवर पुन्हा तसंच केलं.