सात दिवसांच्या दहा रेघा

मावशीला 'नाही' म्हणता येत नसे, सगळ्या दुखण्याचं मूळ तेच. तीस वर्षं इस्पितळात आया म्हणून राबली, निवृत्त झाली, आणि घरी सुनेच्या हाताखाली बसण्यापेक्षा सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या आश्रयघरात कामाला लागली. सून म्हणाली, "बरं झालं, आता भुंकायला सोबत मिळाली." मावशी कसली ऐकते! "त्यांना निदान कळतं तरी कधी गप्प बसायचं," म्हणाली आणि चपला घालून निघाली.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला मुदत असते हो. नव्याचे नऊ दिवस! पिल्लू गोंडस असतं तोवर मांडीवर. मोठं झालं, गादी फाडली, की फाटकाला दोर बांधून गाडी पसार. मेल्यांनो, मागं वळून तरी बघा एकदा!

आलेलं कुत्रं आधी मागच्या खोलीत जायचं. तिथं चार पिंजरे. दहा दिवस वेगळी भांडी, वेगळी बादली. रोज सकाळी मावशी पिंजऱ्याच्या दारावर खडूनं एक रेघ ओढायची. दहा रेघा भरल्या आणि कुत्रं ठणठणीत असलं, तरच मोठ्या खोलीत. ही शिस्त तिनंच इस्पितळातून आणलेली. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि आधी दारं बघायच्या. "मावशींची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची," असं म्हणायच्या.

मोठ्या खोलीत बारांच्या जागेत एकतीस कुत्री होती. लस निम्म्यांनाच पुरली होती. आजोबाला तर ती टोचलीच नव्हती, इतका तो थकलेला. आजोबा म्हणजे आंधळं, तोंडाचं बोळकं झालेलं कुत्रं, सहा वर्षांपूर्वी मावशीनंच गटारातून काढलेलं. सकाळी मागच्या खोलीत खडू वाजला की भिंतीपलीकडे त्याचं शेपूट जमिनीवर आपटायला लागायचं, कारण रेघा झाल्या की दूध मिळायचं.

त्या सकाळी फाटकाला एक तपकिरी कुत्री बांधलेली होती. पोट जमिनीला टेकलेलं, दोर मानेत रुतलेला. आज नाही तर उद्या विणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आणि चारही पिंजरे भरलेले.

चौथ्यात एक पांढरा होता. सात रेघांचा. खात होता, उड्या मारत होता. मावशी त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "तीन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?" आणि एका दमात तीन रेघा ओढल्या. हात जरासुद्धा कापला नाही. पुढं तिला आठवत राहिलं ते हेच.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी दार बघितलं आणि म्हणाल्या, "हलवा याला." पांढरा थेट आजोबाच्या पोटाशी जाऊन झोपला. मावशीनं पिंजरा फिनेलनं धुतला, तपकिरीला आत घेतलं. संध्याकाळी पाच पिल्लं झाली. घरी जाऊन तिनं सुनेला सांगितलंसुद्धा, "आज सहा जीव वाचवले."

तिसऱ्याच दिवशी पांढऱ्याचे डोळे चिकटलेले दिसले. धूळ गेली असेल, तिनं मनाची समजूत घातली आणि ओल्या कापसानं डोळे पुसले. मग तो खोकायला लागला. आठव्या दिवशी मोठ्या खोलीत तिघांनी अन्नाला तोंड लावलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्याला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "डिस्टेंपर. कुत्र्यांचा जीवघेणा रोग. शिंकेसरशी पसरतो, आणि याला औषध नाही." मग त्या बादल्या धुणाऱ्याकडं वळल्या. हा बाबा दिवसभरात चार शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला पुढारी म्हणत. "पांढऱ्याच्या दहा रेघा मी स्वतः बघितल्यात. म्हणजे आजार मागच्या खोलीतून बादलीनं आला. बादल्या एकत्र केल्यास ना?"

"नाही केल्या," पुढारी म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. उद्यापासून येऊ नको."

त्यानं मावशीकडं बघितलं नाही. हातातली बादली तेवढी खाली ठेवली. आपण गप्प बसलं की संपलं, मावशीच्या मनात आलं. लाज वाटली तिला, पण आलं खरं.

"डॉक्टर, सातच दिवस झाले होते," ती म्हणाली. "तीन रेघा मी एकदम ओढल्या. याची काही चूक नाही."

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजपासून फाटक बंद. एकही कुत्रं आत घ्यायचं नाही, बाहेर द्यायचं नाही. आणि ती तपकिरी कुठल्या पिंजऱ्यात आहे?"

"पांढऱ्याच्याच," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं मोठ्या खोलीच्या दारावर पहिली रेघ ओढली. खडू वाजला. आत शेपूट वाजलं नाही. ती आत गेली, आजोबाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कापूस भिजवला. त्याच्या दोन्ही पापण्या चिकटून गच्च झाल्या होत्या.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. गाडीचं दार उघडलं, फाटकाची कडी हलली.

"नाही!" मावशी बसल्या जागेवरून जीव खाऊन ओरडली. "नाही, इथं आणू नका! इथं मरण आहे!"

गाडी निघून गेली. फाटकाशी कुणीतरी बारीक आवाजात कुंई कुंई करत राहिलं.