मातीचे नमुने हलवणारं यंत्र

नांदेडला आमच्या घरामागच्या शेडमध्ये प्रयोगशाळांची उपकरणं बनतात. तो कारखाना माझ्या बायकोचा. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. शेडमध्ये जायचो ते तिला जेवायला बोलवायला. गेल्या वर्षी ती गेली आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या.

जोडणीच्या टेबलावर सगळ्या बायका, आणि त्यांतल्या एकीलाही ऐकू येत नाही. यंत्र तयार झालं की त्या टेबलावर तळहात टेकवून मोटरची थरथर तपासतात. ही बायकोनं पाडलेली रीत. मातीचे नमुने हलवणारं नवं यंत्र त्यांनी असंच पारखलं आणि आम्ही ते लातूरच्या एका प्रयोगशाळेला पाठवलं. तिथं पसंत पडलं तरच पुढचं काम मिळणार होतं. नाहीतर शेडला कुलूप.

आठवड्याभरात फोन आला. "सर, मशीन हलतंय झकास. पण ओरडतंय किती! आमच्या मॅडम कानात कापूस घालून बसल्यात."

लोह्याहून येणाऱ्या मुख्य कारागीर बाईंना मी हे माझ्या मोडक्या खुणांनी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग खो खो हसत सुटल्या.

कोपऱ्यात खोकी बांधणारे मुदखेडचे चाचा दृष्टिहीन आहेत. मी त्यांना विचारलं, "चाचा, तुम्हाला तरी ऐकू आलं असेल ना?"

"आलं की! मला वाटलं, नवं मशीन हाय, असंच बोंबलत असंल. कुणी विचारलं का आम्हाला? इथं नुसती सुतळी बांधून राहिलो."

यंत्र परत आलं. चाचा त्याला कान लावून बसले, एक हात बाईंच्या मनगटावर ठेवून. किरकिर वाढली की ते मनगट दाबायचे. बाई स्क्रू सैल करत, रबराच्या चकत्या बदलत. अंधार पडायच्या सुमारास चाचांनी मनगट सोडलं.

"झोपलं बघा लेकरू."

मग आम्ही तिघंही यंत्र घेऊन लातूरला गेलो. बाईंनी यंत्र टेबलावर ठेवून बटण दाबलं. मॅडम कपाटातून बाटल्या काढत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "लावा की चालू."

मी ते खुणेनं बाईंना सांगितलं. बाईंनी उत्तरादाखल मॅडमचा हात धरून टेबलावर टेकवला. मॅडम थबकल्या, वळून यंत्राकडे बघत राहिल्या. "असेच आणखी पाठवा," त्या म्हणाल्या. "आमच्या दुसऱ्या केंद्रालाही लागतील."

मीही हळूच तळहात टेकवला. बायकोला रोज जे जाणवायचं ते मला पहिल्यांदाच जाणवत होतं.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "सर, आता त्या शेडचं कुलूप हरवलं तरी चालंल."