पुढच्या शाळेचा वाफा

बसमध्ये उभ्याने आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर खुर्ची टोचते. कंडक्टरकाकांना ती जरा जास्तच टोचली. दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे, आणि काकू दारात आडव्या आल्या की तोंडातून आपसूक निघायचं, "पुढे सरका." शेवटी काकूंनीच त्यांना घराबाहेर सरकवलं.

गावाबाहेर फार जुन्या काळचं एक शेत जसंच्या तसं जपून ठेवलेलं होतं. दगडी कोठार, रहाटाची विहीर, लाकडी नांगर, भाजीचे वाफे. शाळांच्या सहली यायच्या आणि मुलांना ते दाखवायला बिनपगारी माणसं लागायची. काका गेले आणि तिथलेच झाले. मुलांची रांग लावणं, मागे रेंगाळणाऱ्यांना पुढे घेणं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणं, हे सगळं त्यांच्या अंगातच होतं. सहलीच्या दिवशी ते काकूंच्या आधी उठायचे. काकू म्हणायच्या, "नोकरीवर असताना कधी असे उठला नाहीत!"

तिथला एक रिवाज काकांचा फार लाडका. आलेल्या वर्गाने आधीच्या शाळेने पेरलेली गाजरं उपटायची, आणि जाताना पुढच्या शाळेसाठी शेजारच्या वाफ्यात बी पेरून जायचं. कोणी कोणाला पाहिलेलं नसायचं, तरी मुलं मन लावून पेरायची.

शेताचा कारभार मॅडम बघायच्या. बाई प्रेमळ, पण एका बाबतीत कडक. इथे खोटं काही दाखवायचं नाही. कोठारात शोभेला प्लास्टिकची कणसं टांगणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी चहा पाजून कायमचा निरोप दिला होता.

आणि हे ठाऊक असूनही काकांनी घोळ घातलाच.

झालं असं, की सहलीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सहज एक गाजर उपटून पाहिलं. हातात नुसता पाला आला. खाली कुरतडलेला बुडखा. दुसरं उपटलं, तेच. उंदरांनी वरचा पाला शाबूत ठेवून खालचा माल साफ केला होता. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी मुलं हौसेनं येणार आणि रिकाम्या हातांनी जाणार? मॅडमना सांगायचं सोडून काका पहाटे मंडईत गेले आणि पाल्यासकट गाजरांच्या जुड्या घेऊन आले.

"आपण घोडे कधी पाळले?" काकूंनी विचारलं.

"शेतावर लागतात," काका म्हणाले आणि सटकले.

काठीनं भोकं पाडून त्यांनी एकेक गाजर मातीत बसवलं. घाई एवढी, की शेवटची ओळ तशीच राहिली.

मुलं आली. गाजरं उपटायला लागली. आरडाओरडा, टाळ्या! काकांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दोन वेण्यांच्या एका मुलीनं जोर लावून पाला ओढला आणि एकाच्या जागी पाच गाजरं बाहेर आली. सुतळीनं बांधलेली.

सगळा वर्ग खो खो हसला. वर्गाबरोबर आलेले सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. आणि ती मुलगीही हसली नाही.

"ही उगवलेली नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला फसवलंत."

काकांना वाटलं, संपलं. उद्यापासून पुन्हा ती खुर्ची. एखादी थाप मारून वेळ निभावता आली असती. बसमध्ये ती विद्या त्यांनी पुष्कळ कमावली होती. पण पोरीचा चेहरा बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"हो, फसवलं," ते म्हणाले. "खरी गाजरं उंदरांनी खाल्ली. तुम्ही हिरमुसाल म्हणून मी घाबरलो. खरी ती ओळ आहे, तिकडची. बघायची तर बघा."

मुलं तिकडे धावली. पाला ओढला की बुडखे निघायला लागले, आणि गंमत म्हणजे बाजारच्या गाजरांकडे मग कोणी ढुंकून बघेना. "हे बघ दात!" "माझ्या उंदराचे दात मोठे!" एकानं तर बुडखा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

पेरायची वेळ झाली. काका बियांची वाटी घेऊन वाफ्याशी बसले. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघायचा काकांना धीर होईना. मुलं एकेक करून बी घेऊन गेली. शेवटी ती वेण्यांची मुलगी आली, पण तिनं हात पुढे केला नाही.

"हीपण उंदरांनी खाल्ली तर?"

"खातील कदाचित," काका म्हणाले.

"मग पुढच्या शाळेला खरं सांगाल?"

काका वाटीतलं बी उगाच चाळवत राहिले. पुढच्या शाळेला सांगायला आपण असू की नाही, हेच त्यांना माहीत नव्हतं.

"सांगतील," वरून मॅडमचा आवाज आला. "तेव्हाही काकाच असतील. फक्त मंडईत जाणार नाहीत."

काकांनी मान खाली घातली. डोळे भरून आले होते, आणि वाटी हातात असल्यामुळे पुसताही येत नव्हते. मुलीनं त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग समोर उकिडवी बसली आणि ओंजळ पुढे केली.

"जास्त द्या," ती म्हणाली. "उंदरांचं धरून."