उभ्या भिंतीवरची मांजर

आमचे बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. रेघ सरळसोट, आणि अक्षर असो की चित्र, सावली कायम डावीकडे टाकायची, ही त्यांची खोड. आयुष्यात त्यांनी एकच सिनेमा केला आणि जन्माचं हसं करून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. मला ते कधी पटलं नाही, पण बाबांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

सिनेमा काढला होता माझ्या मामानं. अचाट ताकदीचा वीर, मुखवटा, सगळं काही. खिशात दमडी नाही आणि वीराला चढवायचं गगनचुंबी इमारतीवर. मग मामानं शक्कल लढवली. बाबांनी गोदामाच्या जमिनीवर इमारतीची भिंत रंगवायची, कॅमेरा छताला टांगायचा, वीरानं पोटावर सरपटायचं. पडद्यावर तो सरळ वर चढताना दिसणार. बाबांनी खिडक्या अशा काढल्या की आई म्हणाली, "एखादी उघडून बघावीशी वाटते हो."

ऐन शॉटमध्ये गोदामातली मांजर आली. शेपूट वर करून त्या भिंतीवरून आरामात चालत गेली, एका खिडकीवर बसली आणि पंजा चाटायला लागली. रीळ तेवढंच उरलेलं. मामा म्हणाला, "जाऊ दे, मांजरीकडे कोण बघतंय?"

थिएटरात सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. वीर घाम गाळत वर चढतोय आणि त्याच्या पुढून ही बया फिरायला निघालेली. लोक हसून हसून लोळले. बाबा मध्यंतरातच उठून घरी आले. त्यानंतर सिनेमाचं नाव काढलं नाही, आणि दारात मांजर दिसली की चप्पल उचलायचे.

पुढे दिवस पालटले. अशा वीरांच्या सिनेमांना नातवंडांसकट आजोबाही रांगा लावायला लागले. आणि एका बड्या कंपनीनं मामाचा तो फाटका सिनेमा नवे नट घेऊन पुन्हा काढला. मी बाबांना दुपारच्या खेळाला जवळजवळ ओढतच नेलं.

"पुन्हा हसं करायला नेतेस का गं मला?" रस्ताभर तेच.

खरं सांगते, धास्ती मलाही होती. मांजर गाळली असेल तर तिच्याबरोबर बाबांची भिंतही पुसली गेली, आणि ठेवली असेल तर जुनी जखम उघडी.

वीर भिंतीपाशी आला. पुढच्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "आता येईल बघ ती, जुन्या सिनेमातली." बाबांनी माझं मनगट धरलं. वीर चढत गेला, ढग खाली राहिले, आणि बाजूनं ती आली. शेपूट वर.

काय त्या शिट्ट्या, काय त्या टाळ्या. लोक हसत होते, पण लाडकी पाहुणी दारात दिसावी तसे.

"खिडक्या माझ्या आहेत, जशाच्या तशा," बाबा कानाशी म्हणाले. "सावली बघ. डावीकडे."

घरी आल्यावर आईनं भीतभीत विचारलं, "हसले का हो लोक?"

"हसले की. पोटभर." चप्पल काढता काढता ते थांबले. "जिन्यात ती पांढरी मांजर येते ना, तिला थोडं दूध घालत जा."

"रोज घालते," आई म्हणाली. "तुम्ही बाहेर पडलात की."