एक पेन्सिल, दोन पेन्सिली

नौपाड्यातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर त्या आठवड्यात अर्ध्यावरच अडकत होतं. मालक रोज म्हणायचे, आज दुरुस्तीवाला येतोय. तो काही येत नव्हता, आणि आम्ही सगळे वाकून आत-बाहेर करत होतो. एका सकाळी फ्रेमचा खोका उचलून बाहेर पडताना मी जरा आधीच ताठ उभी राहिले आणि शटरची खालची लोखंडी पट्टी खाडकन टाळूवर बसली.

पडले नाही, रक्तही आलं नाही. उलट समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसले आणि म्हणाले, "काही नाही, शटर माझ्यापेक्षा बुटकं आहे." मग डोकं चोळत केबिनमध्ये जाऊन बसले. माझं काम डोळे तपासायचं. माणसाला अंधाऱ्या केबिनमध्ये बसवायचं, डोळ्यांसमोरची भिंगं बदलत राहायचं आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय की हे?" दुपारी एका काकांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि मला ते कळलंच नाही. शब्द नीट ऐकू आलेले, पण त्यांचा अर्थ लागेना. मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. मग भिंगं तशीच ठेवून मी घरी निघाले.

रिक्षाने कळव्याला घरी पोचेपर्यंत दोनदा उलटी झाली. नवरा ऑफिसातून धावत आला, हॉस्पिटलात नेलं, स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता. मेंदूला मुका मार बसलाय, दोन दिवस पूर्ण आराम करा, मग हळूहळू कामाला लागा, असं सांगितलं. उलट्या वाढल्या, झोप अनावर झाली किंवा बोलणं अडखळलं तर लगेच परत यायचं, हेही बजावलं. तसं काही झालं नाही. आठवडाभरात मला इतकं बरं वाटायला लागलं की एका सकाळी मी स्वयंपाकघरातले सगळे पितळेचे डबे खाली काढून चिंच लावून घासले. दुसऱ्या दिवशी उशीवरून डोकं उचलवेना.

तिथून सुरू झालं. एक दिवस चांगला, मग दोन वाईट, मग अर्धा चांगला. वाईट दिवशी ट्यूबलाइट डोळ्यांत सुयांसारखी शिरायची. कुकरची शिट्टी कवटीच्या आतून वाजायची. मान वळवली की भिंत अर्ध्या क्षणाने माझ्या मागून यायची. चांगल्या दिवशी यातलं काहीच नाही, जणू आदल्या दिवशीची बाई दुसरीच कुणी होती. दुखणं कायम असतं तर मी त्याला तोंड दिलं असतं. पण हे आज का आलं आणि काल का नव्हतं, या प्रश्नाने मला जास्त छळलं.

घरात दिवसभर मी आणि माझे सासरे, दोघंच. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी शहाडच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम केलेलं, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमचं बोलणं चहा झाला का, पेपर आला का, एवढंच. मी सकाळी दुकानात जायचे, संध्याकाळी यायचे. आता अचानक आम्ही एकमेकांच्या समोर येऊन पडलो.

पहिले काही दिवस ते नुसतेच दारातून डोकावून जायचे. मग एकदा खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सूनबाई, हे नक्की कसं असतं गं? म्हणजे दुखतं, ते कळलं. पण आतून कसं?"

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. सगळे विचारायचे, बरं आहे का? त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर. मी जरा विचार केला आणि म्हणाले, "अण्णा, डोक्यात ओला टॉवेल भरलाय असं वाटतं. आणि तो कुणीतरी हळूहळू पिळतंय."

"डावीकडून पिळतंय की उजवीकडून?"

मला हसू आलं, पण मी खरंच लक्ष देऊन पाहिलं. डावीकडून होतं.

"आईंना पण असं व्हायचं ना?" मी विचारलं. सासूबाईंना अर्धशिशी होती, हे ऐकून माहीत होतं. मी घरात आले तोवर त्या गेलेल्या.

"काय व्हायचं, मला कुठे ठाऊक," अण्णा म्हणाले. "ती खोलीचं दार लावून घ्यायची. आम्ही दाराबाहेर." एवढंच बोलून ते चहा टाकायला उठले.

त्या दिवसापासून अण्णांनी माझं डोकं तपासायला घेतलं. कारण असल्याशिवाय काही बिघडत नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास. पहिला संशय लसणाच्या फोडणीवर. चार दिवस आम्ही बिनलसणाची आमटी खाल्ली. काही फरक नाही. मग पंख्याची घरघर. पंखा बंद करून दोघं घामाने भिजलो, आणि माझं डोकं दुखायचं ते दुखलंच. मग खाडी. आमच्या गॅलरीतून दोन इमारतींच्या फटीतून कळव्याच्या खाडीचा एक तुकडा दिसतो. अण्णांना वाटायला लागलं की भरतीच्या वेळी मला त्रास होतो. ते गॅलरीत उभे राहून ओरडायचे, "पाणी चढतंय! काही वाटतंय का?"

"मघाशी नव्हतं वाटत, तुमच्या ओरडण्याने आता वाटतंय," मी आतून म्हणायचे.

नवऱ्याला हा सगळा प्रकार पोरकट वाटायचा. "अण्णा, ती काय मशीन आहे का?" तो एकदा वैतागून म्हणाला. पण मला ते आवडायला लागलेलं. घाबरून पडून राहण्यापेक्षा शोधत राहणं बरं वाटायचं. वाईट दिवससुद्धा मग निव्वळ वाईट राहायचा नाही, त्यातून काहीतरी कळेल असं वाटायचं.

शब्द हरवायचे तेही याच काळात. एकदा गाजराची कोशिंबीर करायला बसले आणि हातातल्या वस्तूचं नावच आठवेना. अण्णा रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. ते लगेच म्हणाले, "किती अक्षरी?"

"तीन."

"खवणी?"

"नाही हो, ती नारळाची. ही गाजराची."

"मग मी सांगत नाही. तूच शोध."

गाजरं किसून झाली, कोशिंबीर झाली, जेवणं झाली. भांडी घासताना मी एकदम ओरडले, "किसणी!" अण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "बरोबर."

पेपर मला वाचता येत नव्हता. दोन ओळी वाचल्या की तिसरी ओळ दुसरीवर चढायची. हे मी अण्णांना सांगत होते आणि सांगता सांगता थांबले. हेच वाक्य मी केबिनमध्ये कितीतरी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेलं. माझं काम जे आहे, ते मी इतके दिवस स्वतःला लावूनच पाहिलं नव्हतं. जवळचं बघताना दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळून एकाच ठिकाणी यावे लागतात. डोक्याला मार बसला की कधीकधी नेमकं हेच जमेनासं होतं.

"अण्णा, ती कोड्याची पेन्सिल घ्या. माझ्या नाकासमोर धरा आणि हळूहळू जवळ आणा. एकाच्या दोन दिसल्या की मी सांगते."

अण्णा समोर उकिडवे बसले. पेन्सिल गाडी चालल्यासारखी पुढे येत होती. धडधाकट माणसाला ती नाकापासून चार बोटांवर येईपर्यंत एकच दिसते. मला वीतभर अंतरावरच दोन दिसल्या. एक तिथेच राहिली, दुसरी हळूच बाजूला सरकली.

"झाल्या दोन," मी म्हणाले.

"कुठेयत?" अण्णांनी खरंच पेन्सिलीकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी मला पेन्सिल त्यांच्या नाकासमोर धरायला लावली. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं, याचा त्यांना दिवसभर आनंद होता.

मग आम्ही रोज सकाळी आणि संध्याकाळी पेन्सिल धरायला लागलो. ती कधी चार बोटांपर्यंत यायची, कधी हातभर लांबच फुटायची. काही दिवसांनी एका संध्याकाळी मी छान मजेत होते. दिवसभरात इस्त्री केली होती, बहिणीशी फोनवर पोटभर बोलले होते, डोकं एकदम हलकं. अण्णांनी पेन्सिल धरली आणि ती लांबच दोन झाली.

"पण तुला तर बरं वाटतंय," अण्णा म्हणाले.

"एकदम."

"मग ही का फुटतेय?"

दुसऱ्या दिवशी मी उठूच शकले नाही. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. वाईट दिवसाचं कारण आम्ही त्याच दिवसात शोधत होतो. ते लसणात नव्हतं, भरतीतही नव्हतं. ते आदल्या दिवशीच्या चांगल्या दिवसात होतं. बरं वाटलं की मी राहिलेली सगळी कामं उपसायचे, डोकं त्या वेळी तक्रार करायचं नाही, आणि नंतर एकदम कोसळायचं.

नौपाड्यातच एक डॉक्टरीणबाई मेंदूचे पेशंट बघतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा अण्णांनी पेन्सिल सोबत घेतलेली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "स्कॅनमध्ये मेंदूची रचना दिसते, तो काम कसं करतोय ते दिसत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आणि तुम्ही आजारी, दोन्ही खरं. बरं होणं असंच खाली-वर होत असतं. फक्त चांगल्या दिवशी सगळं करू नका आणि वाईट दिवशी सगळं सोडू नका. दोन्ही दिवस थोडेथोडे सारखे करा."

"आणि पेन्सिल?" अण्णांनी विचारलं.

"हुशारी आहे. पण सारखी धरू नका, आजोबा. ती बघून बघूनच त्यांचे डोळे थकतील."

अण्णांनी पेन्सिल खिशात ठेवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "हुशारी आहे म्हणाल्या, ऐकलंस ना?"

डोळ्यांचे व्यायाम सुरू झाले. मी दुकानात जायला लागले, आधी फक्त सकाळची. मालकांनी शटर नवीन बसवलेलं. मी तरीही वाकूनच आत गेले. दोन गिऱ्हाइकं झाली की केबिनचं दार लोटून डोळे मिटून बसायचे. बरं वाटत असलं तरी बसायचे. हे शिकायला सगळ्यात जड गेलं. बरं वाटत असताना थांबायचं म्हणजे उन्हात छत्री उघडून उभं राहिल्यासारखं.

मग डोंबिवलीला पुतण्याचं लग्न आलं. हॉल, लाउडस्पीकर, लायटी, चारशे माणसांचा गलका. नवरा म्हणाला, तू नको येऊस. मला जायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं, काय होतं ते.

आम्ही बेत केला. अक्षता पडल्या की मी वरपक्षाच्या सामानाच्या मागच्या खोलीत जायचं, जेवणाच्या वेळी परत यायचं. हॉलमध्ये जो तो म्हणत होता, "दिसतेस तर छान! आता बरी ना?" माझी नणंद तर म्हणाली, "आम्हाला वाटलं तू पट्टी-बिट्टी बांधून येशील." मंगलाष्टकं संपली तेव्हा बँडचा पहिला ठोका पडला आणि जमीन थोडी कलंडली. मी उठले.

खोलीत बॅगांच्या ढिगामध्ये सतरंजीवर आडवी झाले आणि ओढणी डोळ्यांवर घेतली. अण्णा दाराशी खुर्ची टाकून बसले. कुणी आत डोकावलं की सांगायचे, "सूनबाई आराम करतेय. काही झालेलं नाही. काही होऊ नये म्हणून."

बऱ्याच वेळाने म्हणाले, "आत्ता आतून कसं आहे?"

"टॉवेल नाहीये," मी म्हणाले. "रिकामी बादली आहे. आवाज घुमतोय, पण पिळत नाहीये."

"बादली बरी," अण्णा म्हणाले. "श्रीखंड संपायच्या आत चल."

आम्ही जेवलो. मी वाढायच्या भानगडीत पडले नाही, नव्या सुनेचं नाव घेणंही ऐकलं आणि वेळेवर घरी आलो. दुसरा दिवस वाईट जाणार, हे दोघांनीही गृहीत धरलेलं. अण्णांनी सकाळीच खोलीचे पडदे ओढले, डोअरबेलचं बटण बंद केलं, मऊ भात शिजवून ठेवला. मी पलंगावर पडून वाट पाहिली. नऊ वाजले, दहा वाजले. काहीच झालं नाही. अण्णा दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा जरा हिरमुसलेले होते.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"असं कसं? बसायला पाहिजे होतं गणित."

"खोलीत पडले होते म्हणून असेल," मी म्हणाले.

"असेल. किंवा नसेलही." त्यांनी पडदे बाजूला सारले आणि उन्हाकडे बघत उभे राहिले. आम्हाला दोघांनाही ते पुरतं कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. आता मी पूर्ण दिवस दुकानात असते, दुपारी थोडा वेळ डोळे मिटून बसते तेवढं सोडलं तर. महिन्यातून एखादा दिवस ओल्या टॉवेलचा उगवतो आणि त्याचं कारण सापडत नाही. त्या सकाळी मात्र आम्ही तो मऊ भात मेतकूट घालून, गॅलरीत बसून खाल्ला.